उद्या कळणारच आहे, ते आज सांगा

'हेलडायव्हर्स २' हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि बघता बघता जगभर खेळला जाऊ लागला. तो स्टॉकहोमच्या ॲरोहेड स्टुडिओने बनवला आणि सोनीने प्रकाशित केला. ३ मे रोजी सोनीने जाहीर केलं की, स्टीमवरून कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनाही यापुढे प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावं लागेल. अनेक देशांत असं खातं उघडण्याची सोयच नव्हती. फिलिपिन्स, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियातल्या खेळाडूंना पैसे मोजून घेतलेला गेम हातचा जाईल अशी भीती वाटू लागली. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीला निर्णय मागे घ्यावा लागला.

खरं तर ही अट नवी नव्हती. ती स्टीमच्या पानावर आधीपासून लिहिलेली होती. गेम आला तेव्हा तांत्रिक अडचणींमुळे ती तात्पुरती बाजूला ठेवली गेली, पण ही सूट तात्पुरती आहे हे खेळाडूंना कोणी नीट सांगितलं नाही. ॲरोहेडचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी पुढे हे मान्यही केलं. फेब्रुवारीत गेम उघडताच दोन ओळी दिसल्या असत्या, तर लोक नाराज झाले असते, पण आपण फसवले गेलो असं त्यांना वाटलं नसतं.

ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांसाठी यात एक सोपा नियम दडलेला आहे: खेळाडूला जे उद्या कळणारच आहे, ते आज तुमच्या तोंडून कळू द्या. बग, उशीर, किंमत, कमी केलेली ताकद, बंद होणारा सर्व्हर, यांतलं काहीही लपत नाही. हजारो माणसं रोज तासन् तास तुमचा गेम खेळतात. ती तुमच्या टेस्टिंग टीमपेक्षा कितीतरी जास्त बघतात. पुणे, मुंबई, बेंगळुरूत आज अनेक छोट्या टीम ऑनलाइन गेम बनवत आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याशी बोलू पाहणाऱ्या खेळाडूंसाठीही.

आधी घडी बसवा

गेम बाजारात येण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा: कुठे बोलायचं, कोणी बोलायचं आणि कधी बोलायचं.

अधिकृत जागा एकच ठेवा, आणि ती शक्यतो गेमच्या आतच असू द्या. डिस्कॉर्डवर येणारे खेळाडू बोलके असतात, पण ते एकूण खेळाडूंचा लहानसा हिस्सा असतात. आपल्याकडे बहुतेकांना बातमी यूट्यूबच्या स्ट्रीमरकडून किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमधून मिळते. म्हणून प्रत्येक सूचना आधी गेममध्ये दिसली पाहिजे आणि तोच मजकूर बाकी ठिकाणी गेला पाहिजे. खरं-खोटं तपासायला खेळाडूकडे एक पक्की जागा असली की अफवेचा जोर निम्म्याने ओसरतो.

बोलणारी व्यक्ती ठरलेली हवी आणि तिच्या शब्दाला टीममध्ये वजन हवं. अनेक ठिकाणी कम्युनिटी मॅनेजरला निर्णय झाल्यावर कळवतात आणि मग लोकांना शांत करायला पुढे करतात. हे चूक आहे. जिथे किंमत ठरते, शस्त्राची ताकद बदलते, तारीख पुढे जाते, त्या बैठकीत ही व्यक्ती बसलेली असली पाहिजे. 'हे खेळाडूंना कसं सांगणार?' हा प्रश्न तिने तिथेच विचारायचा. सांगता येणार नाही असा निर्णय बहुतेक वेळा घेण्यासारखाही नसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वार. आठवड्यातला एक दिवस पक्का करा. सांगायला विशेष काही नसेल तरी लिहा: 'या आठवड्यात नवीन अपडेट नाही. मॅचमेकिंगच्या बगवर काम चालू आहे, कारण सापडलं आहे, उपाय तपासतो आहोत.' एवढ्यानेही चालतं. मौन लांबलं की ती जागा तर्कवितर्क भरून काढतात.

भाषेचंही ठरवा. महाराष्ट्रातला खेळाडू मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून लिहितो, तेही अनेकदा रोमन लिपीत. महत्त्वाची सूचना मराठी आणि हिंदीतही द्या, वाक्यं लहान ठेवा, वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहा. तिन्ही भाषांत तपशील तोच असेल याची खात्री करा. भाषांतरात एक तारीख चुकली तरी दिवसभराचा गोंधळ होतो.

हातात असेल तेवढंच वचन द्या

'नो मॅन्स स्काय' हा ब्रिटनमधल्या हॅलो गेम्सचा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला. त्याआधीच्या मुलाखतींमधून लोकांच्या अपेक्षा आभाळाला भिडल्या होत्या. दुसरा खेळाडू भेटू शकेल, अशीही समजूत झाली होती. गेम आल्यानंतर लगेचच दोन खेळाडू ठरवून एकाच ठिकाणी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. संताप उसळला. त्यानंतर टीम जवळपास गप्प झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिलं मोठं अपडेट आलं, जुलै २०१८ मध्ये खरा मल्टिप्लेअर आला आणि पुढची कित्येक वर्षं मोफत अपडेट येत राहिली. आज या गेमला चांगलं नाव आहे. ते मिळालं कारण टीमने आपली पद्धत उलटी केली: आधी बनवायचं, मग बोलायचं.

छोट्या टीमने असा वनवास भोगण्याची गरज नाही. तुमच्या सगळ्या योजना तीन रकान्यांत मांडा: तयार झालेलं, काम चालू असलेलं आणि नुसतं विचारात असलेलं. तारीख फक्त पहिल्या रकान्यातल्या गोष्टींना द्या. दुसऱ्या रकान्याबद्दल बोलताना 'हे बनवतो आहोत, बदलू शकतं' असं स्पष्ट लिहा. तिसरा रकाना उत्साहाच्या भरात, विशेषतः लाइव्ह स्ट्रीमवर, उघडू नका. स्ट्रीमवर सहज निघालेलं 'हो, बघू या' हे वाक्य कापून त्याची क्लिप होते आणि वर्षभर तुमच्यासमोर नाचवली जाते.

दिलेली तारीख पाळता येणार नाही असं ज्या दिवशी टीमला कळेल, त्याच दिवशी कळवा. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सांगितलेला उशीर अपमानासारखा वाटतो. दोन आठवडे आधी सांगितला तर लोक समजून घेतात.

प्रत्येक बदलाची नोंद, कारणासकट

पॅच नोट्स हा कंटाळवाणा उपचार समजून चार ओळींत उरकण्याची सवय अनेक टीमना असते. खेळाडूसाठी तो सगळ्यात जवळचा कागद असतो. त्याने महिनाभर खपून मिळवलेल्या बंदुकीची ताकद कमी झाली असेल, तर ती किती झाली आणि का झाली हे जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे.

नोंद अशी असावी: 'या रायफलचा डॅमेज ३४ वरून ३० केला आहे. लांबच्या अंतरावर ती स्नायपरलाही भारी पडत होती. जवळच्या लढतीत फारसा फरक जाणवणार नाही. दोन आठवड्यांनी आकडे पुन्हा पाहू.' काय बदललं, किती बदललं, का बदललं, पुढे काय होणार, हे सगळं चार वाक्यांत आलं. 'काही शस्त्रांमध्ये सुधारणा' असं मोघम वाक्य लिहिलं तर खेळाडू स्वतः मोजमाप करतील आणि नंतर तुमचा शब्द मानणार नाहीत.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'डेस्टिनी २'च्या खेळाडूंनी घड्याळ लावून हिशेब केला, तेव्हा लक्षात आलं की पडद्यावर दिसणारे अनुभवगुण आणि प्रत्यक्ष जमा होणारे गुण यांचा मेळ बसत नाही. गेम बनवणाऱ्या बंजी या स्टुडिओने गुण कमी करणारी ती यंत्रणा बंद केली. पण त्याच वेळी पुढच्या लेव्हलसाठी लागणारे गुण ८० हजारांवरून १ लाख ६० हजार झाले, आणि ते आधी सांगितलं गेलं नाही. खेळाडूंनी तेही शोधून काढलं. पहिली गोष्ट कदाचित माफ झाली असती. दुसरीने माफीची वाट बंद केली.

माहीत असलेल्या बगांची यादीही उघडी ठेवा. 'आम्हाला हे माहीत आहे' एवढं वाचूनही खेळाडूचा जीव भांड्यात पडतो आणि त्याच तक्रारी पुन्हा पुन्हा येणं कमी होतं.

सर्व्हर बंद पडला तर

अशा वेळी कारण सापडेपर्यंत थांबू नका. पहिला संदेश शक्यतो पंधरा मिनिटांत गेला पाहिजे आणि त्यात कारण नसलं तरी चालेल. मसुदा आधीच तयार ठेवा:

'रात्री ८.१० पासून अनेकांना लॉगिन होत नाही. आमची टीम काम करते आहे. तुमची रँक आणि खरेदी सुरक्षित आहे. पुढची माहिती ८.४५ ला देऊ.'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ८.४५ ला काहीही सुधारलेलं नसेल तरी ८.४५ ला लिहायचंच. 'सुरक्षित आहे' हे वाक्य मात्र खात्री केल्यावरच टाका. खात्री नसेल तर 'तपासतो आहोत' म्हणा. ठरवून करायची दुरुस्ती रात्री ९ ते ११ या ऐन खेळण्याच्या वेळेत ठेवू नका आणि तिची सूचना किमान दोन दिवस आधी द्या.

सगळं सुरळीत झाल्यावर काय बिघडलं होतं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे साध्या भाषेत लिहा. याचा उत्तम नमुना 'फायनल फँटसी १४'ने घालून दिला. डिसेंबर २०२१ मध्ये 'एंडवॉकर' हा त्याचा नवा भाग आला आणि लॉगिनसाठी तासन् तास रांगा लागल्या. निर्माते नाओकी योशिदा यांनी सविस्तर निवेदनं लिहिली: रांगेची मर्यादा किती आहे, कोणत्या क्रमांकाची त्रुटी कशामुळे येते, सेमीकंडक्टरच्या जागतिक टंचाईमुळे नवे सर्व्हर लगेच का मिळत नाहीत. मासिक शुल्क भरणाऱ्यांना एकूण २१ दिवस मोफत दिले गेले आणि गर्दी आटोक्यात येईपर्यंत गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली. स्वतःचं उत्पन्न अडवून दिलेली माफी लोकांना खरी वाटली. हाच गेम २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा सपशेल फसला होता. योशिदांनी सूत्रं हाती घेतल्यावर खेळाडूंना नियमित पत्रं लिहायला सुरुवात केली, २०१३ मध्ये तो नव्याने उभा राहिला आणि त्या वर्षांतली विश्वासाची पुंजी २०२१ मध्ये कामी आली.

पैशांची गोष्ट सगळ्यात आधी, सगळ्यात स्पष्ट

२०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' येण्याच्या आठवड्यात खेळाडूंनी हिशेब मांडला की, पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर मिळवायला सुमारे ४० तास खेळावं लागेल. त्यावर ईए या प्रकाशक कंपनीने रेडिटवर उत्तर दिलं की, मेहनतीने मिळवल्याचा अभिमान खेळाडूला वाटावा हा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंती मिळाल्या आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. पात्रांची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवूनही राग शमला नाही. शेवटी गेम प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी पैशांनी खरेदी करण्याची सोयच बंद करावी लागली. विचारलेला प्रश्न किमतीचा होता आणि दिलेलं उत्तर भावनेचं होतं. पैशांबद्दल विचारलं तर पैशांबद्दलच बोला.

म्हणून हे पाळा. किंमत रुपयांत दाखवा. डायमंड आणि कॉइनच्या आड ती लपवू नका. लूट बॉक्समध्ये कोणती वस्तू मिळण्याची शक्यता किती टक्के आहे ते खरेदीच्या बटणाशेजारी लिहा. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गुगल प्लेने २०१९ पासून हे बंधनकारकच केलं आहे. एखादी वस्तू 'पुन्हा मिळणार नाही' म्हणून विकली असेल तर ती पुन्हा विकू नका.

आपल्याकडची नेहमीची तक्रार म्हणजे 'यूपीआयने पैसे कटले, पण डायमंड आले नाहीत'. हिच्यासाठी स्वतंत्र फॉर्म ठेवा. त्यात पावतीवरचा ऑर्डर क्रमांक, खेळाडूचा आयडी, तारीख आणि वेळ एवढंच विचारा. फॉर्म भरताच तक्रार क्रमांक द्या आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते लिहा. त्याच पानावर ठळक अक्षरांत सांगा की, आमचा कोणताही माणूस ओटीपी किंवा पासवर्ड कधीच मागत नाही. 'सपोर्ट' नावाची बनावट खाती नेमकी अशाच वेळी चिडलेल्या खेळाडूला गाठतात, आणि तो खेळाडू अनेकदा वडिलांच्या फोनवरून खेळणारा चौदा वर्षांचा मुलगा असतो.

ऐकायचं कसं

खेळाडू दुखणं अचूक सांगतात. औषध मात्र तपासून घ्यावं लागतं. 'शॉटगन काढून टाका' अशी मागणी शंभर जणांनी केली, तर दुखणं कदाचित हे असेल की लॅगमुळे जवळच्या लढतीत आधी कोणी गोळी झाडली ते कळत नाही. मागणीच्या मागे जा. नेमकं कोणत्या क्षणी चीड आली ते विचारा आणि सर्व्हरवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जे लिहीत नाहीत त्यांचाही आवाज या आकड्यांत असतो: कोण कोणत्या लेव्हलवर गेम सोडून गेलं, स्वस्त फोनवर गेम किती वेळा बंद पडला.

खेळाडूंना निर्णयात घ्यायचं असेल तर मर्यादा आधी सांगा. केंब्रिजच्या जॅजेक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये 'रूनस्केप'ची २००७ सालची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करावी का, यावर मतदान घेतलं. चार लाखांहून अधिक मतं पडली आणि 'ओल्ड स्कूल रूनस्केप' जन्माला आला. पुढे नव्या गोष्टींसाठी ७५ टक्के होकाराची अट ठेवली गेली. २०२२ मध्ये ती ७० टक्क्यांवर आली. आइसलँडच्या सीसीपीने 'ईव्ह ऑनलाइन'साठी २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेलं प्रतिनिधी मंडळ चालवलं आहे. २०११ मध्ये महागड्या सजावटी वस्तूंवरून खेळाडूंनी बंड केलं, तेव्हा कंपनीने या मंडळालाच तातडीने रेक्याविकला बोलावून चर्चा केली. छोट्या टीमला एवढा पसारा जमणार नाही, पण दहा-बारा नियमित खेळाडूंशी महिन्यातून एकदा बोलणं जमेल. त्यात नवखे, जुने, कमी पिंगवाले आणि गावाकडच्या कमजोर नेटवर्कवरून खेळणारे असे सगळे असू द्या. पुण्याच्या सुपरगेमिंगने 'इंडस' हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. त्याआधी खेळाडूंना बोलावून प्लेटेस्ट घेतल्या होत्या. इथल्या टीमना हा रस्ता मोकळा आहे.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे ऐकल्याची पावती. दर महिन्याला एक छोटी यादी टाका: तुम्ही हे सांगितलंत, हे केलं, हे केलं नाही, कारण असं. कारणासहित दिलेला नकार माणूस पचवतो. प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूला ३५० अक्षरांतच उत्तर देता येतं. ती अक्षरं 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' यावर खर्च करू नका, मुद्द्याचं लिहा.

राग आणि शिवीगाळ यांतला फरक

राग हा बहुधा प्रेमाचाच पुरावा असतो. ज्याला गेमची पर्वा नाही तो मुकाट्याने डिलीट करतो. म्हणून कठोर टीका कधीही पुसू नका. धमकी, जातीधर्मावरून शिवी, बाईमाणसाला उद्देशून अश्लील बोलणं, कर्मचाऱ्याचा पत्ता शोधून टाकणं, यांना मात्र जागा नाही. नियम आधी लिहून ठेवा, पहिल्या वेळी काय आणि दुसऱ्या वेळी काय शिक्षा ते सांगा, आणि लोकप्रिय स्ट्रीमरलाही तेच नियम लावा.

चिडून उत्तर देऊ नका. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एपेक्स लिजंड्स'च्या महागड्या इव्हेंटवरून वाद पेटला असताना टीममधल्या काही जणांनी रेडिटवर खेळाडूंना अपशब्द वापरले. मूळ प्रश्न किमतीचा होता, तो बाजूला पडला आणि स्टुडिओच्या प्रमुखांना भाषेबद्दल माफी मागावी लागली. वादाच्या दिवशी प्रत्येक उत्तर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. आणि दिवसभर शिव्या वाचणाऱ्या आपल्या माणसाला आलटून पालटून सुट्टी द्या. त्याचं मन दगडाचं नाही.

तुमचे अनेक खेळाडू अठरा वर्षांखालचे आहेत हेही कायम लक्षात असू द्या. टीममधल्या कोणीही त्यांच्याशी खाजगी चॅटवर बोलू नये. सगळं बोलणं चारचौघांत किंवा सपोर्टच्या फॉर्मवर व्हावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे.

खेळाडूंनो, तुमच्यासाठीही

'गेम बकवास आहे, लॅग होतो' या वाक्याने डेव्हलपरच्या हाती काहीच लागत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, वायफाय की मोबाइल डेटा, तारीख-वेळ, आणि नेमकं काय करताना बिघडलं, एवढं लिहा. जमलं तर दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. एका तक्रारीत एकच मुद्दा मांडा. उत्तर देणारी व्यक्ती बहुधा निर्णय घेणारी नसते, म्हणून तिच्यावर नव्हे, निर्णयावर बोला. आणि बग दुरुस्त झाला की एक तारा दिलेला रिव्ह्यू बदला.

बंद करतानाही बोला

प्रत्येक ऑनलाइन गेम एक दिवस बंद होतो. युबिसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ सालच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली. सर्व्हर बंद झाल्यावर तो एकट्यालाही खेळता येईना. त्यातून गेम जिवंत ठेवण्याची मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या युरोपीय निवेदनाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. किमान सहा महिने आधी सांगा, त्या दिवसापासून खरेदी थांबवा, शक्य असेल तर ऑफलाइन आवृत्ती द्या, आणि मिळवलेली रँक, पदकं, आकडे खेळाडूला उतरवून घेता येतील अशी सोय करा.

कधी सरकारी आदेशाने गेम बंद होतो. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी 'बीजीएमआय' आला, तेव्हा जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या गेममध्ये नेण्याची सोय दिली गेली. वर्षांची मेहनत वाया गेली नाही हे कळल्यामुळे असंख्य खेळाडू परतले. आपल्या हातात नसलेल्या निर्णयाबद्दल अंदाज बांधू नका. हातात असलेल्या गोष्टींबद्दल, म्हणजे खात्याबद्दल, वस्तूंबद्दल आणि भरलेल्या पैशांबद्दल, लगेच बोला.

मोठ्या कंपनीत एक वाक्य बाहेर पडायला वकील, प्रसिद्धी विभाग आणि परदेशातलं मुख्यालय अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तुमच्या आठ जणांच्या टीममध्ये बग दुरुस्त करणारी व्यक्ती संध्याकाळी स्वतः खेळाडूंना सांगू शकते. या मोकळेपणाचा उपयोग आजच करा: टीमला माहीत असलेले पण खेळाडूंना न सांगितलेले पाच बग लिहा, प्रत्येकापुढे त्याची सध्याची स्थिती टाका आणि ती यादी रात्री लोक खेळायला बसण्यापूर्वी गेममध्ये लावा.